खानदेशातून श्रवणतज्ज्ञ होताना: बारावीपासून एमएस्सी ऑडिओलॉजीपर्यंतची वाट

आमच्याकडे कानाची पहिली तपासणी बहुधा स्वयंपाकघरात होते. मूल वर्षाचे झाले तरी हाकेला ओ देत नाही म्हणून आजी त्याच्या पाठीमागे स्टीलचे ताट आपटते, मूल दचकून वळते आणि घरातले सगळे निश्चिंत होतात. वास्तविक ताट आपटल्याचा आवाज इतका मोठा असतो की मध्यम स्वरूपाची श्रवणहानी असलेल्या मुलालाही तो ऐकू येतो, आणि अजिबात न ऐकणारे मूलसुद्धा फरशीची थरथर जाणवून किंवा समोर बसलेल्या आईची नजर वळलेली पाहून मान वळवते. त्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक आवाज पोहोचतात का, हे ताटाला सांगता येत नाही. ते मोजण्याचे शास्त्र म्हणजे ऑडिओलॉजी, आणि ते मोजणारा, त्यावर यंत्राची व प्रशिक्षणाची योजना करणारा माणूस म्हणजे श्रवणतज्ज्ञ.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बारावी झालेली मुले आणि त्यांचे पालक माझ्याकडे या अभ्यासक्रमाची चौकशी करायला येतात. त्यांचे प्रश्न फी, नोकरी आणि ‘नावापुढे डॉक्टर लागते का’ याच क्रमाने येतात. या व्यवसायात पाय रोवल्यानंतर मला वाटते की पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: ज्या महाविद्यालयात मी जाणार आहे तेथे माझ्या हातून, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली, किती कान तपासले जातील? बाकी बहुतेक गोष्टी पुढे भरून काढता येतात, ही उणीव मात्र सहसा भरून निघत नाही. पुढील सगळे टप्पे मी याच प्रश्नाच्या अनुषंगाने मांडले आहेत.

कामाची हद्द आधी समजून घ्यावी

कान-नाक-घसा तज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. औषध देणे व शस्त्रक्रिया करणे हे त्याचे काम. श्रवणतज्ज्ञ औषध देत नाही. ऐकण्याची क्षमता मोजणे, दोष कानाच्या कोणत्या भागात आहे हे ठरवण्यास मदत करणे, श्रवणयंत्र निवडून ते बसवणे, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेले श्रवणसाधन) झालेल्या मुलाच्या यंत्राचे मॅपिंग, म्हणजे त्याला साजेशी जुळणी, करणे, तोल जाण्याच्या तक्रारींच्या चाचण्या करणे आणि कारखान्यातील कामगारांच्या श्रवणरक्षणाची व्यवस्था पाहणे, हा त्याचा प्रांत. गावात तुम्हाला लोक ‘कानाचे डॉक्टर’ म्हणतीलच, परंतु कान वाहत असलेला रुग्ण समोर आला की त्याला डॉक्टरांकडे पाठवायचे, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडले पाहिजे.

भारतात पदवी स्तरावर ऑडिओलॉजी आणि वाचा-भाषा उपचार हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. या पदवीला बीएएसएलपी म्हणतात. कालावधी चार वर्षांचा: सहा सत्रांची तीन वर्षे आणि त्यानंतर इंटर्नशिपचे एक वर्ष. पुढे दोन वर्षांची एमएस्सी करताना वाट फुटते आणि विद्यार्थी ऑडिओलॉजी किंवा वाचा-भाषा विज्ञान यांपैकी एक निवडतो. म्हणजे बारावीनंतर स्वतःला पूर्ण अर्थाने श्रवणतज्ज्ञ म्हणवून घेण्यासाठी सहा वर्षे हाताशी धरावीत. एका वर्षाचे पदविका अभ्यासक्रमही आहेत. त्यांतून तयार होणारी व्यक्ती सहायक म्हणून उपयुक्त काम करते, पण पदविका म्हणजे पदवीची स्वस्त आवृत्ती, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

अकरावी, बारावी आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात बीएएसएलपीचा समावेश राज्य सीईटी कक्षाच्या आरोग्यविज्ञान प्रवेशप्रक्रियेत होत आला आहे आणि तेथे नीटचे गुण विचारात घेतले जातात. त्यामुळे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. गणितही सोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे; कारण ध्वनिशास्त्र आणि डेसिबल समजून घेताना लॉगॅरिदमशी गाठ पडते आणि जीवशास्त्राच्या बळावर आलेली हुशार मुले नेमकी तेथे अडखळतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आपली स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते, त्यामुळे नीटमध्ये मनासारखे गुण न पडलेल्या विद्यार्थ्यासाठी ती दुसरी दारे उघडी ठेवते. विषयांच्या अटी आणि तारखा संस्थेनुसार बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबू नये.

नीट आखाजीच्या सुमारास, मे महिन्याच्या आरंभी होते आणि निकालानंतर सगळी धावपळ एकदम सुरू होते. अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि विशेषतः जात वैधता प्रमाणपत्र या गोष्टी अकरावीतच हाती घ्याव्यात. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील आदिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत जात पडताळणी रखडल्याने हातची जागा गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, एवढी साधी गोष्टही आधी पाहून ठेवावी.

महाविद्यालय कसे पारखावे

पहिली चाळणी कायद्याची आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार या अभ्यासक्रमांना परिषदेची मान्यता लागते, आणि ही मान्यता कायमची नसून ठरावीक वर्षांसाठी व ठरावीक जागांसाठी दिलेली असते. म्हणून ‘आमच्याकडे मान्यता आहे’ हे प्रवेश कार्यालयातील वाक्य पुरेसे मानू नये. परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत त्या संस्थेचे नाव, तो अभ्यासक्रम आणि तुमचे प्रवेशवर्ष या तिन्ही गोष्टी ताडून पाहाव्यात. मान्यता नसलेल्या ठिकाणी घेतलेली पदवी भिंतीवर शोभते, पण तिच्या आधारे परिषदेची नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही.

दुसरी चाळणी रुग्णसंख्येची. म्हैसूरची संस्था 1965 साली सुरू झाली. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 सालची. या दोन्ही ठिकाणी देशभरातून रुग्ण येतात. मुंबईतील नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयातील विभाग जुना आहे, आणि मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग कसा असतो हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला तेथील विद्यार्थ्याच्या हातून किती तपासण्या होत असतील याचा अंदाज येईल. पुण्यात भारती विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. मी नावे गुणवत्तेच्या क्रमाने देत नाही. खानदेशातील विद्यार्थ्याच्या नजरेच्या टप्प्यात साधारण काय असते, तेवढेच सांगतो आहे.

प्रत्यक्ष भेट देताना सकाळी साडेदहाच्या सुमारास जावे, सुटीच्या दिवशी नाही. प्रतीक्षा कक्षात किती लोक बसले आहेत ते मोजावे. अंतिम वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात: या महिन्यात तू स्वतः किती ऑडिओमेट्री (ऐकण्याची क्षमता मोजणाऱ्या चाचण्या) केल्यास, किती बाळांची बेरा, म्हणजे श्रवणाचे विद्युत संकेत टिपणारी, चाचणी तुझ्या हाताने झाली, आणि तपासणी चालू असताना शिक्षक खोलीत असतात की फक्त अहवालावर सही करतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना तो विद्यार्थी घुटमळला, तर तुम्हाला उत्तर मिळाले असे समजावे. चकचकीत इमारत आणि आठवड्याला चार रुग्ण, असे महाविद्यालय मी स्वतः जवळून पाहिले आहे. तेथील मुले एकमेकांचेच कान तपासून तास भरत होती, आणि वीस वर्षांच्या निरोगी मित्राचा कान तपासून कोणीही काही शिकत नाही.

पहिली तीन वर्षे

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान, मानसशास्त्र असे विषय समोर येतात आणि विद्यार्थ्याला वाटते की आपण कान शिकायला आलो आणि हे भलतेच चालले आहे. यात दोन गोष्टी घट्ट कराव्यात. एक म्हणजे डेसिबल. ध्वनीची तीव्रता दहा पट झाली की डेसिबल दहाने वाढतात, शंभर पट झाली की वीसने. म्हणजे वीस आणि चाळीस यांतील अंतर दुप्पट नसून तीव्रतेच्या हिशेबात शंभर पटीचे असते. शिवाय ऑडिओग्रामवरील, म्हणजे श्रवणक्षमतेच्या आलेखावरील, शून्य म्हणजे आवाज नसणे नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम जाणवेल अशा आवाजाची ती सरासरी पातळी आहे, म्हणून एखाद्याचा उंबरठा, म्हणजे त्याला जेमतेम ऐकू येणारी पातळी, उणे पाचवरही येऊ शकतो. हे ज्याला मनापासून कळले त्याला पुढची निम्मी ऑडिओलॉजी सोपी जाते.

दुसरी गोष्ट भाषाविज्ञानाची, आणि खानदेशातील विद्यार्थ्याला येथे घरचाच फायदा आहे. शब्द ऐकवून रुग्णाकडून ते पुन्हा म्हणवून घेण्याची चाचणी असते. किती शब्द बरोबर आले यावर गुण दिले जातात. याद्या प्रमाण मराठीत असतात. आता शिरपूर तालुक्यातील आजीबाईंनी ‘पाणी’ ऐकून ‘पानी’ म्हटले, किंवा रावेरकडच्या शेतकऱ्याने ‘केळी’ ऐकून ‘केयी’ म्हटले, तर त्यांचा कान चुकलेला नाही. त्यांची बोली बरोबर बोलते आहे. अहिराणीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, हे माहीत नसलेला तपासनीस प्रत्येक अशा शब्दाला फुली मारतो आणि रुग्णाचे शब्दग्रहण आहे त्यापेक्षा कितीतरी वाईट दाखवतो. त्या गुणांवर यंत्र द्यायचे की नाही, हे ठरत असते. ध्वनीचे वर्गीकरण शिकताना आपल्या आजीच्या तोंडचे शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून काढावेत. मी तसे केले होते आणि ती वही अजून वापरतो.

सातपुड्यातील पावरी किंवा भिली बोलणारे रुग्ण आले तर शब्दांची चाचणी आपल्या भाषेत लादू नये. चित्रे दाखवून किंवा घरातील दुभाष्याच्या मदतीने काम करावे आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

ऑडिओमेट्री हाताला बसणे

दुसऱ्या वर्षापासून क्लिनिक सुरू होते. सर्वांत मूलभूत चाचणी शुद्ध स्वरांची, 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत. पद्धत ठरलेली आहे आणि ती दररोज त्याच क्रमाने करावी.

आधी ओटोस्कोपने कानात पाहावे, कारण मळाने बंद झालेल्या कानाची चाचणी म्हणजे दार लावून घेतलेल्या घराची झडती. मग रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगावे: आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचे, नाही आला तर नाही. चांगल्या कानापासून, 1000 हर्ट्झवर, सहज ऐकू येईल अशा पातळीने सुरुवात करावी. प्रतिसाद आला की दहा डेसिबल खाली, नाही आला की पाच वर. वर चढताना निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा ज्या सर्वांत खालच्या पातळीवर प्रतिसाद येतो तो उंबरठा. मग 2000, 4000, 8000, पुन्हा 1000, आणि शेवटी 500 व 250. दुसऱ्यांदा घेतलेला 1000 पहिल्यापेक्षा पाच डेसिबलहून अधिक सरकला, तर रुग्णाला सूचना नीट कळलेली नाही असे धरून पुन्हा समजवावे. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने नोंदवतात.

पुस्तकात इतकेच आहे. प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. एकदा एका काकांची तपासणी चालू होती. उंबरठे अप्रतिम येत होते, सगळीकडे दहा-पंधरा. आणि त्यांची सून बाहेर सांगत होती की दाराची कडी वाजवली तरी उठत नाहीत. शिक्षिका मागे येऊन उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी मला आवाज न देता नुसता हात हलवायला सांगितला. काकांनी बटण दाबले. ते काचेतून माझा उजवा हात पाहत होते. हात हलला की दाबायचे, एवढेच त्यांनी शिकून घेतले होते. खुर्ची वळवून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दोन्ही कानांचे उंबरठे साठच्या पलीकडे गेले. ‘माले वाटनं, तुमी हात हलाडा का दाबानं,’ असे ते निरागसपणे म्हणाले. त्या दिवसापासून मी रुग्णाला कधी समोर तोंड करून बसवत नाही आणि आवाज देण्याची लयही मोडत राहतो.

मास्किंग, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्या कानात गोंगाट देऊन त्याला गुंतवून ठेवणे, हा या शिक्षणातला सर्वांत कठीण आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. साध्या हेडफोनने एका कानाला दिलेला आवाज साधारण चाळीस डेसिबल ओलांडला की कवटीतून पलीकडच्या कानाला जाऊन पोहोचू शकतो, आणि हाडावर ठेवलेल्या कंपकाचा आवाज तर दोन्ही आतल्या कानांना जवळजवळ सारखाच मिळतो. समजा, उजवा कान निरोगी आहे आणि डावा पूर्ण मृत आहे. डाव्या कानाची हवेमार्गे तपासणी केली तर पन्नास-साठच्या आसपास प्रतिसाद येतो, कारण उजवा कान ते ऐकतो. हाडामार्गे केली तर उंबरठा सामान्य येतो, तोही उजव्याचाच. कागदावर डाव्या कानाचे चित्र असे दिसते की आतला कान उत्तम, दोष फक्त मधल्या कानात, म्हणजे शस्त्रक्रियेने सुधारणारा. इंटर्नशिपमध्ये मी नेमका असा अहवाल लिहिला होता. चोपड्याकडून आलेल्या त्या तरुणाला मी ‘ऑपरेशनने फरक पडेल, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगूनही टाकले. सही करण्यापूर्वी शिक्षिकेने फक्त एक प्रश्न विचारला, ‘उजव्या कानात गोंगाट दिला होता का?’ मास्किंग देऊन पुन्हा तपासले तेव्हा डाव्या कानाने यंत्राच्या कमाल पातळीपर्यंत काहीच ऐकले नाही. त्या तरुणाला मला पुन्हा बोलावून आधी सांगितलेले मागे घ्यावे लागले, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी उमटलेली आशा मी पाहिलेली होती. ज्या महाविद्यालयात शिक्षक हा प्रश्न विचारत नाहीत, तेथून अशा कागदांचे गठ्ठे बाहेर पडतात.

अचूकतेला कायद्याचेही वजन आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या कंपनसंख्यांवर 70 डेसिबल हानी असलेल्या व्यक्तीला बधिर आणि 60 ते 70 असलेल्याला कमी ऐकू येणारी म्हटले आहे. दहा डेसिबलच्या चुकीने एखाद्याचा हक्काचा दाखला जातो, किंवा नको त्याला मिळतो. खोटे बहिरेपण घेऊन येणारेही असतातच. ते ओळखण्याच्या स्वतंत्र चाचण्या आहेत आणि त्या अभ्यासक्रमात मन लावून शिकाव्यात, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची गरज महानगरापेक्षा अधिक पडते.

बाळांची तपासणी

बटण दाबू न शकणाऱ्या बाळासाठी दोन चाचण्या मुख्य आहेत. ओएई ही डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वावर चालते: निरोगी आतला कान आवाज ऐकतोच, शिवाय स्वतः अतिशय क्षीण आवाज बाहेरही टाकतो, आणि कानात बसवलेला सूक्ष्म मायक्रोफोन तो पकडतो. लोक जिला बेरा म्हणतात त्या चाचणीत कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून श्रवणचेतेतून मेंदूच्या देठाकडे जाणारे विद्युत संकेत पहिल्या दहा मिलिसेकंदांत टिपतात. पाचवी लहर आवाज कमी करत नेला तरी कोठवर टिकते, ते पाहून उंबरठ्याचा अंदाज बांधतात.

बेरासाठी बाळ झोपलेले हवे, आणि हे पुस्तकातले साधे वाक्य धडगावहून आलेल्या आईसाठी केवढी परीक्षा असते, ते प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावे. ती पहाटे निघते, एसटीच्या हेलकाव्यांत बाळ चार तास गाढ झोपते आणि क्लिनिकमध्ये पोहोचताच टक्क जागे होते. दुपारपर्यंत वाट पाहून ती रिकाम्या हाती परतते आणि पुन्हा येत नाही. आम्ही आता दूरच्या रुग्णांना दुपारी दोनची वेळ देतो, येताना बाळाला प्रवासात जागे ठेवायला सांगतो आणि आल्यावर दूध पाजून अंधाऱ्या खोलीत निजवू देतो. अशी छोटी शहाणपणे अभ्यासक्रमात नसतात, पण जन्मानंतर पहिल्या महिन्यात चाळणी चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, हे जगभर मानले जाणारे वेळापत्रक आपल्याकडे कोठे मोडते, ते त्यांतून कळते.

केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. त्यासाठी लागणाऱ्या चाचण्या, कागद आणि शस्त्रक्रियेनंतरची दीर्घ श्रवण-वाचा चिकित्सा यांचा पूर्ण प्रवास किमान एका कुटुंबासोबत इंटर्नशिपमध्ये अनुभवावा.

यंत्र आणि साचा

श्रवणयंत्र विकणे आणि बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंबरठ्यांवरून प्रत्येक कंपनसंख्येला किती वाढ द्यायची याची सूत्रे असतात, आणि कानाच्या नळीत बारीक नळी सरकवून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजण्याची यंत्रणा असते. ही मोजणी जेथे शिकवतात आणि रोज करवून घेतात ते महाविद्यालय चांगले. यंत्र कानात नीट बसावे म्हणून करतात त्या साच्यासाठी कानाचे माप घेताना दोरा बांधलेला स्पंजचा बोळा नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे बसवल्याशिवाय सिलिकॉन भरू नये. घाईत तो राहिला तर माप थेट पडद्याला जाऊन चिकटते आणि मग काढायला शस्त्रक्रिया कक्ष लागू शकतो.

इंटर्नशिप, नोंदणी आणि एमएस्सी

इंटर्नशिप हे सुटीचे वर्ष नव्हे. मात्र अनेक जण ते प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात घालवतात. शक्य असल्यास काही काळ जिल्हा रुग्णालयात आणि काही काळ बधिर मुलांच्या शाळेत काढावा. पदवी पूर्ण होताच भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नोंदवून क्रमांक घ्यावा. नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्यास कायद्यात एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. नोंदणी टिकवण्यासाठी परिषदेने मान्य केलेल्या चर्चासत्रांतून गुणही मिळवत राहावे लागतात. प्रमाणपत्रे पहिल्यापासून एका फायलीत ठेवावीत.

एमएस्सी ऑडिओलॉजीची दोन वर्षे पदवीपेक्षा वेगळ्या जातीची आहेत. तेथे विद्युतशारीरिक चाचण्यांची बारकी अंगे, तोलाचे विकार, इम्प्लांट, मानसध्वनिशास्त्र आणि शोधनिबंध असतो. शोधनिबंधाचा विषय निवडताना म्हैसूर-मुंबईच्या ग्रंथालयात बसूनही खानदेशाकडे पाठ करू नये. जळगाव जिल्ह्यातील सरकी काढणारे जिनिंग कारखाने, डाळमिल आणि धुळ्याचे यंत्रमाग यांतील कामगारांचे कान, हा तयार विषय पडून आहे. गोंगाटाने होणारी हानी ऑडिओग्रामवर आधी 4000 हर्ट्झच्या आसपास खाचेसारखी दिसते, तेव्हा कामगाराला काहीच तक्रार नसते. बोलणे समजेनासे झाल्यावर तो येतो, तोवर आतल्या कानातील, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मेलेल्या असतात आणि त्या पुन्हा येत नाहीत.

अमेरिकेचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे की तेथे पदवीनंतर साधारण चार वर्षांचा एयूडी हा व्यावसायिक डॉक्टरेट अभ्यासक्रम असतो, त्यातील अखेरचे वर्ष बहुतांशी पूर्णवेळ प्रत्यक्ष कामाचे, आणि नंतर राज्याचा परवाना लागतो. ती संशोधनाची पीएचडी नव्हे. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी चालते. बीएएसएलपीनंतर थेट जायचे असेल, तर पहिल्या वर्षापासून क्लिनिकच्या तासांची शिक्षकांच्या सहीची नोंदवही जपावी.

परत आल्यावर

जिल्हा रुग्णालयांतील लवकर हस्तक्षेप केंद्रे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील कान-नाक-घसा विभाग, विशेष शाळा, खासगी डॉक्टरांचे दवाखाने आणि श्रवणयंत्र कंपन्या ही कामाची ठिकाणे. केंद्रांतील जागा बहुधा आरोग्य अभियानातून कंत्राटी भरल्या जातात. पगार माफक, पण एका वर्षात जितकी बाळे समोर येतात तितकी खासगीत येत नाहीत. पहिली दोन वर्षे तेथे काढावीत, असे मी सांगतो. कंपनीच्या नोकरीत विक्रीचे लक्ष्य असते, ते मुलाखतीतच स्पष्ट विचारून घ्यावे.

स्वतःचे क्लिनिक काढणाऱ्याने सर्वांत आधी खोलीचा विचार करावा. रस्त्यालगतच्या गाळ्यात नुसता फोम चिकटवून शांतता येत नाही. आत ध्वनिपातळी मोजून मगच यंत्र घ्यावे. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे झुकतो तेव्हा बंद ध्वनिकक्षात रुग्ण दहा मिनिटे टिकत नाही, आणि कूलर चालू केला तर खालच्या कंपनसंख्यांचे उंबरठे बिघडतात. माझ्याकडे कक्ष आधी एसीने थंड करून घेतो, चाचणीपुरता एसी बंद ठेवतो आणि लांबलेली चाचणी दोन टप्प्यांत उरकतो. मार्चपासून प्रत्येक यंत्रधारकाला सिलिका जेलची डबी देतो, कारण घामाने बंद पडलेली यंत्रे जूनपर्यंत टेबलावर रांगेने जमतात. ऑडिओमीटरचे कॅलिब्रेशन वर्षातून एकदा करून घ्यावे लागतेच. त्याशिवाय रोज सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी हेडफोन मी माझ्याच कानांना लावतो आणि माझे ठरलेले उंबरठे वहीत लिहितो. गेल्या पावसाळ्यात उजव्या बाजूला 4000 वर पंधरा डेसिबलचा फरक दिसला. कान माझाच बिघडला की काय म्हणून धास्तावलो. हेडफोन उलटे घातले तेव्हा फरक डाव्या कानाकडे गेला. उजव्या बाजूची वायर उंदराने कुरतडली होती, आणि त्या दिवशीच्या सगळ्या रुग्णांना पुढची तारीख द्यावी लागली.